टब घरी मांडू की चिपळूण गाठू?

नमस्कार सिस्टर,

मी २९ वर्षांची आहे, पहिलीच खेप. नुकताच सातवा लागलाय, तारीख १९ जुलै दिली आहे. पुण्यातलं बिऱ्हाड हलवून आम्ही नवऱ्याच्या गावी, वेळणेश्वरजवळ, राहायला आलोय. घराला लागून दोन खोल्यांचा होमस्टे आहे, बाकीचं काम लॅपटॉपवर. माझ्या मावसबहिणीचं बाळंतपण मी जवळून पाहिलं. लेबर रूममध्ये तिला एकटीला झोपवून ठेवलं, कळ आली की ती ओरडायची आणि सिस्टर तिच्यावर ओरडायच्या. सलाईनमधून कळा वाढवल्या आणि रात्री सिझर केलं. तेव्हाच ठरवलं, माझं असं होऊ द्यायचं नाही. घरी पाण्याच्या टबमध्ये बाळंत झालेल्या बायकांचे पुष्कळ व्हिडिओ पाहिलेत. गोव्यातली एक डूला (बाळंतपणात सोबत करणारी बाई) येऊन राहायला तयार आहे, टबही तीच आणेल. तिला महिनाअखेरीला आगाऊ रक्कम द्यायची आहे. नवरा म्हणतो, तुझं शरीर, तू ठरव. सासूबाईंची चारही बाळंतपणं याच घरात सुईणीच्या हातून झाली, त्यामुळे घरचं त्यांना वावगं वाटत नाही, टबाचं मात्र हसू येतं. आई चिपळूणला असते, ती रोज फोनवर रडते. दवाखाना दीड तासावर. माझे रिपोर्ट नॉर्मल आहेत, बीपी ठीक, हिमोग्लोबिन १०.२, बाळाचं डोकं खाली आहे. तुम्ही स्पष्ट सांगा.

– एक वाचक, गुहागर तालुका

*

स्पष्ट विचारलंस म्हणून स्पष्टच सांगते. घरी नको. पहिलं बाळंतपण, जुलै महिना, ऑपरेशन थिएटर दीड तासावर आणि हाताशी एकटी डूला, हे मला पटत नाही. पण मावसबहिणीच्या वाट्याला जे आलं ते तुझ्या वाट्याला यावं असंही कुठे लिहिलेलं नाही. तुझं पत्र दोनदा वाचलं. टबाबद्दल तू दोन ओळी लिहिल्यास आणि त्या लेबर रूमबद्दल चार. खरी भीती तिथे आहे, आणि तिच्यावर टबाखेरीजही इलाज आहेत. त्यांच्याकडे येतेच.

आधी पाणी, कारण त्याबाबतीत तुझं म्हणणं बरंचसं बरोबर आहे. कोमट पाण्यात बसलं की पोटाचा भार पाणी उचलतं, कंबर सैल होते, कूस बदलायला सोपं जातं आणि कळ सोसवते. हे व्हिडिओवाल्यांचं खूळ नाही. फ्रान्समधल्या पिथिव्हिये गावच्या सरकारी रुग्णालयात डॉ. मिशेल ओदाँ यांनी सत्तरच्या दशकात टब आणला तो कळांचा त्रास कमी व्हावा म्हणून. बाळ पाण्यातच जन्मावं असा त्यांचा आग्रह नव्हता; काही बायकांना बाहेर येण्याइतकी सवडच मिळाली नाही आणि बाळं तिथेच झाली. अशा १०० बाळंतपणांची हकिगत त्यांनी १९८३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापली. पुढे यावर रीतसर चाचण्या झाल्या. २०१८ मध्ये कोक्रेन या वैद्यकीय चाचण्या एकत्र पडताळणाऱ्या संस्थेच्या अभ्यासकांनी १५ चाचण्या, म्हणजे ३,६६३ बायका, एकत्र तपासल्या. पिशवीचं तोंड उघडत असतानाच्या टप्प्यात पाण्यात बसलेल्यांना पाठीतलं भुलीचं इंजेक्शन कमी लागतं आणि त्यापायी आईला किंवा बाळाला जास्त अपाय झाल्याचं दिसत नाही, असं त्यातून निघालं. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटनाही म्हणते, ३७ आठवडे पूर्ण झालेल्या निरोगी बाईने कळा पाण्यात काढायला हरकत नाही, बाळ मात्र पाण्याबाहेर येऊ द्या. ब्रिटनमध्ये याहून मोकळीक आहे. तिथल्या २०२४ च्या एका मोठ्या अभ्यासात, पाण्यातच बाळंत झालेल्या निरोगी बायकांना किंवा त्यांच्या बाळांना वाढीव धोका आढळला नाही.

हे सगळं तुझ्या बाजूचं झालं. आता बघ, या सगळ्यांत टबाशेजारी कोण उभं होतं? ब्रिटनमध्ये तिथे शिकलेली, नोंदणी झालेली मिडवाइफ असते. ती पाण्यात चालणाऱ्या डॉपलरने पहिल्या टप्प्यात दर पंधरा मिनिटांनी आणि बाळ खाली यायला लागलं की दर पाच मिनिटांनी ठोके ऐकते. पाणी ३७.५ अंशांच्या वर जाऊ देत नाही, कारण आई तापली की पोटातलं बाळही तापतं. तिच्या बॅगेत रक्तस्रावाचं इंजेक्शन असतं, बाळाला श्वास देणारी बॅग आणि मास्क असतो, आणि काही बिनसलं की बोलवायला गाडी असते. आपल्याकडे मिडवाइफ तयार करायची सरकारी मार्गदर्शक तत्त्वं २०१८ मध्ये आली, पण त्यांची नेमणूक दवाखान्यात. गुहागर तालुक्यात घरी येऊन बाळंतपण करेल अशी बाई ना सरकार देतं, ना दुसरं कोणी.

डूला म्हणजे सोबत. पाठ चोळणं, श्वास कसा घ्यायचा ते सांगणं, हात धरून बसणं, घाबरलेल्या नवऱ्याला चहा करायला पाठवणं. या कामाला मी अजिबात कमी लेखत नाही. लेबर रूममध्ये आमच्याकडे एकेका सिस्टरच्या गळ्यात तीन-तीन बायका असायच्या. तेव्हा असं कोणी असतं तर बरं, असं नेहमी वाटायचं. पण ठोके पडले तर, रक्त थांबेना तर, बाळ निळं आलं तर काय करायचं हे तिला शिकवलेलं नसतं. चांगली डूला हे स्वतःहून सांगते. तुझ्या डूलाने सांगितलं का?

मला सगळ्यात जास्त भीती रक्ताची वाटते. बाळ झालं, सगळे पेढ्यांच्या गोष्टी करायला लागले, की त्यानंतरचा तास आम्ही बाळंतिणीच्या पोटावरचा हात काढत नाही. वार पडल्यावर बेंबीखाली पिशवी नारळासारखी टणक लागली की जीव भांड्यात पडतो. मऊ लागली की समजायचं, आतून रक्त सुटलंय. दिवस भरलेल्या बाईच्या पिशवीतून दर मिनिटाला अर्धा लिटरहून जास्त रक्त खेळत असतं, त्यामुळे ती आवळली गेली नाही तर बाई हातची जायला दोन तास पुरतात. दवाखान्यात बाळ होताच मिनिटभरात मांडीत ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देतात ते यासाठी. ते औषध फ्रिजमध्येच ठेवावं लागतं, नाहीतर त्याचा गुण कमी होतो. आणि रक्त किती गेलं ते आम्ही ट्रेमध्ये बघतो, भिजलेल्या पॅडवरून ओळखतो. टबात काय बघणार? पाचशे लिटर पाण्यात अर्धा लिटर रक्त मिसळलं तरी पाणी गुलाबी दिसतं, लिटरभर मिसळलं तरी गुलाबीच. डोळ्यांपुढे अंधारी येतेय असं बाई म्हणेल तेव्हा कळणार. मग ओल्या, निसरड्या, हातापायातलं बळ गेलेल्या बाईला टबातून उचलून बाहेर काढायचं. नवरा, सासूबाई आणि डूला मिळून कसं काढतील ते एकदा डोळ्यांसमोर आण.

बाळाचं थोडक्यात सांगते. दहातल्या एखाद्या बाळाला पहिला श्वास घ्यायला मदत लागते. बहुतेकांना पुसून, पाठ चोळून भागतं. काहींना बॅग-मास्क लागतो, आणि तोही पहिल्या मिनिटातच. पाण्यात बाळ सहसा श्वास घेत नाही हे खरं, पण पोटात असतानाच गुदमरलेलं बाळ पाण्यातही आचका देऊ शकतं. शिवाय बाळाला घाईने वर उचलताना आखूड नाळ ताणून तुटल्याची उदाहरणं आहेत. नाळ तुटली की चिमटा लावेपर्यंत बाळाचंच रक्त जातं.

आता आकडे. इंग्लंडमध्ये २०११ साली ६४,००० हून अधिक निरोगी, विनाधोक्याच्या बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिलटकरणींपैकी ज्यांनी घरी बाळंत व्हायचं ठरवलं होतं, त्यांच्यातल्या ४५ टक्के बायकांना कळा सुरू असताना किंवा बाळ झाल्याझाल्या रुग्णालयात न्यावं लागलं. बाळाला गंभीर काही होण्याचं प्रमाण रुग्णालयातल्या बायकांत हजारी ५.३ होतं, घरच्यांत ९.३. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या बायकांत असा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं; हा अभ्यास घराविरुद्ध आहे असं कोणी म्हणेल तर ते अर्धंच खरं. पण तू पहिलटकरीण आहेस. आणि ते पंचेचाळीस टक्के तिथल्या रस्त्यांवरून, तिथल्या ॲम्ब्युलन्समधून, मिडवाइफला बरोबर घेऊन गेले. हजारात चार बाळांचा फरक म्हणजे बहुतेकींचं घरी सुखरूप होतं, असं तू म्हणशील. होतंच. व्हिडिओ त्यांचेच असतात.

आत्ता एप्रिलात तुमच्याकडे आंब्याची गडबड असेल, होमस्टे भरलेला असेल, आणि शृंगारतळीवरून चिपळूण गाठायला दीड तास पुरत असेल. जुलैतला दीड तास वेगळा. दरड आली, पऱ्याचं पाणी रस्त्यावर आलं, झाड आडवं पडलं की त्याचे तीन कधी होतात कळत नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा बाजारपेठ बुडाली होती. तुझी तारीख त्याच आठवड्यातली आहे. दरवर्षी तसंच होतं असं नाही, पण १०८ ला फोन लावायला मोबाइलला रेंज लागते, आणि आडव्या पावसात तुमच्याकडे ती किती टिकते ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

टबाचा हिशेबही करून बघ. त्यात पाचशे लिटर पाणी मावतं असं धर. पावसाळ्यात विहिरीचं पाणी साधारण २७ अंशांचं असतं, ते ३७ वर न्यायला सत्तर-ऐंशी लिटर उकळतं पाणी ओतावं लागेल. म्हणजे चार-पाच बंब, हे नुसतं सुरुवातीला. पहिलटकरणीच्या कळा बारा तास, अठरा तासही चालतात. तेवढा वेळ निवलेलं पाणी उपसा, गरम ओता. लाईट गेली की पंप नाही, गीझर नाही. राहिली ओल्या लाकडांवरची चूल, आणि माजघरातून उकळत्या पाण्याची पातेली घेऊन ये-जा करणारी माणसं. शिवाय ते पाणी कुठलं? जुलैत विहीर काठोकाठ भरते, वरचं गढूळ पाणी झिरपून आत येतं, त्याबरोबर गुरांची घाण आणि उंदीर-घुशींचं मूतही. आपल्या भागात पावसात लेप्टोची साथ याच वाटेने येते. त्या पाण्यात उघड्या जखमेची बाळंतीण आणि नुकतं जन्मलेलं बाळ, ही कल्पना मला करवत नाही. पाश्चात्त्य देशांत नळाच्या स्वच्छ पाण्यातही टबातून बाळांना न्यूमोनिया झाल्याच्या नोंदी आहेत.

सासूबाईंचं टबाला हसणं मला आवडलं. त्यांच्या सुईणीने बहुधा जे केलं असेल त्यात शहाणपण पुष्कळ होतं. बाईला उताणी न झोपवता चालती-फिरती ठेवायची, आढ्याला बांधलेला दोर धरून उकिडवं बसवायचं, न्हाणीत नेऊन कंबरेवर गरम पाण्याचे तांबे ओतायचे. कळांना पाण्याचा शेक द्यायला आपल्या आज्यांना कुठल्या व्हिडिओची गरज पडली नाही. पण सासूबाईंना निवांत वेळी विचार, त्यांच्या वयाच्या गावातल्या किती बायका बाळंतपणात गेल्या, किती घरांत पहिलं मूल दगावलं. त्या सांगतील. त्या पिढीतल्या बायकांना अशी चार-दोन नावं तोंडपाठ असतात. आज महाराष्ट्रात शंभरातली जवळपास पंचाण्णव बाळंतपणं दवाखान्यात होतात, आणि २०१८-२० च्या सरकारी पाहणीत लाख जन्मांमागे मातामृत्यू ३३ वर आले होते. देशाचा आकडा तेव्हा ९७ होता. हा फरक एकट्या दवाखान्याने पडला असं मी म्हणणार नाही, पण त्याच्याशिवाय पडला नसता.

तुझा नवरा भला माणूस दिसतो. मात्र ‘तुझं शरीर, तू ठरव’ एवढं म्हणून त्याची सुटका नाही. रक्तगट कोणाचा कोणता, रात्री दोनला गाडी कोण काढणार, वाटेत रस्ता बंद असला तर दुसरा कुठला, हे त्याने बघायचं.

आता काय करायचं ते सांगते. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीतच आहे, आणि तुझं माहेर चिपळुणात आहे! मला तर पत्र वाचताना हेच नवल वाटलं की हा मार्ग तुझ्या पत्रात कुठेच नाही. आईशी पटत नसेल तर तसं लिही, मग वेगळा विचार करू. नाहीतर ३६ आठवडे पूर्ण झाले की, म्हणजे जूनच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला, तिकडे जाऊन राहा. लॅपटॉपचं काम तिथूनही होईल. एक मात्र आधी बघ: २०२१ ला आईच्या घरात पाणी आलं होतं का, आणि ज्या दवाखान्यात नाव घालशील तिथे आलं होतं का? आलं असेल तर उंचावरच्या एखाद्या नातेवाइकाकडे सोय करून ठेव. चिपळूणजवळ कामथ्याला सरकारी उपजिल्हा रुग्णालय आहे, सावर्ड्याजवळ डेरवणला मेडिकल कॉलेजचं रुग्णालय आहे, गावात खासगी नर्सिंग होम आहेत. सरकारी रुग्णालयात २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली बाळंतपण, लागलं तर सिझर, औषधं, रक्त, जेवण आणि १०२ च्या गाडीने ने-आण, सगळं फुकट आहे. आशाताईंकडे नाव नोंदवलेलं असेलच. नसेल तर उद्याच नोंदव.

दवाखाना निवडताना पाटी आणि फरशी बघू नकोस. मे महिन्यात नवऱ्याला घेऊन दोन-तीन ठिकाणी जा आणि तोंडावर विचार. रात्री भूलतज्ज्ञ किती वेळात येतात? रक्त कुठून आणता? कळा चालू असताना मला फिरू द्याल का, की खाटेवरच राहावं लागेल? बाळ बाहेर येताना कुशीवर किंवा उकिडवं बसलं तर चालेल का? खाली काप सगळ्यांनाच देता की गरज पडली तर? कळा नीट येत असतील तरी सलाईनमधून वाढवता का? जोडीला कोण थांबू शकेल? या प्रश्नांत आगाऊपणा काही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की बाईला हिंडू-फिरू द्यावं, तिच्या पसंतीचं माणूस जवळ असावं, सरसकट काप देऊ नये, पोटावर दाब देऊन बाळ ढकलू नये, नाळ निदान मिनिटभर थांबून बांधावी. सोबतीची परवानगी तर आपल्या केंद्र सरकारने सरकारी रुग्णालयांना २०१६ मध्येच दिली आहे. प्रत्यक्षात अजून कुठे कुठे नवऱ्याला दाराबाहेर उभं करतात. म्हणून आधी विचारायचं.

सिझरचंही विचार. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशभरातल्या खासगी दवाखान्यांत शंभरात ४७ बाळंतपणं सिझरने झाली, सरकारीत १४. खासगीत अडलेल्या केसेस जास्त येतात हे कारण थोडंफार खरं, पण तिपटीहून जास्त फरक त्याने भरून निघत नाही. ‘पहिलटकरणींपैकी तुमच्याकडे किती जणींचं सिझर होतं?’ हा प्रश्न ऐकून जे डॉक्टर चिडतील तिथून चहा पिऊन बाहेर पड. जे खुर्ची ओढून समजावून सांगतील त्यांच्याकडे नाव घाल. तुझ्या मावसबहिणीवर ओरडणाऱ्या सिस्टरचं मी समर्थन करणार नाही. अंगावर बायका जास्त आणि हात कमी, हे कारण असतं, पण कळा सोसणाऱ्या बाईवर ओरडायला ते पुरेसं नाही.

आणि हो, पाणी सोडू नकोस. पहिलटकरणीच्या सुरुवातीच्या कळा तासन्‌तास चालतात, तो वेळ दवाखान्यात जाऊन बसण्यापेक्षा घरीच बरा. आईच्या न्हाणीघरात स्टुलावर बस, पाठ आईकडे कर आणि तिला कंबरेवर कोमट पाणी ओतायला सांग, रडायचं थांबायला तिलाही काम मिळेल. पाणी अंगाला ऊबदार लागेल इतकंच, चटका नको. कळा पाच-पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणाऱ्या, आणि असं तासभर चाललं की निघायचं. पाणमोट फुटली, पाणी हिरवट दिसलं, अंगावर लाल गेलं, बाळाची हालचाल कमी वाटली, डोकं ठणकून डोळ्यांपुढे चमकायला लागलं, तर कळांची वाट बघायची नाही, तसंच निघायचं. दवाखान्यात स्वतंत्र खोली आणि गरम पाण्याचं न्हाणीघर असेल तर ‘तिथेही मधे मधे शॉवर घेऊ का’ म्हणून विचार. बहुतेक कोणाची हरकत नसते. खऱ्या टबात, डॉक्टर आणि थिएटर शेजारी असताना कळा काढायची सोय गोव्यात आणि मोठ्या शहरांत मोजक्या ठिकाणी आहे. पैसे आणि महिनाभर आधी तिकडे जाऊन राहायची तयारी असेल तर तोही विचार कर, त्याला माझा विरोध नाही. कळा सुरू झाल्यावर गाडीत बसून गोवा गाठायचं मात्र मनात आणू नकोस.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य राहिलं. ‘रिपोर्ट नॉर्मल, हिमोग्लोबिन १०.२.’ हे नॉर्मल नव्हे. गरोदरपणी ते ११ च्या वर हवं. रक्त कमी असलेल्या बाईचं थोडं जरी रक्त गेलं तरी ती लवकर कोलमडते, म्हणजे वर सांगितलेलं सगळं तुला दुप्पट लागू. अजून तीन महिने हातात आहेत आणि तेवढ्यात ते वाढतं. लोहाच्या गोळीचा डोस डॉक्टरांकडून वाढवून घे. गोळी चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घ्यायची नाही, मधे दोन तास जाऊ दे. लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घेतलीस तर चांगली लागू पडते. शौचाला काळी होईल, घाबरू नकोस. महिन्याने पुन्हा तपास. साखरेची तपासणी, ती ग्लुकोज पाजून दोन तासांनी करतात ती, झाली नसेल तर याच महिन्यात करून घे. रक्तगट निगेटिव्ह असेल तर २८ व्या आठवड्याच्या इंजेक्शनबद्दल विचार. आणि बाळाचं डोकं आत्ता खाली आहे त्याला फारसा अर्थ नाही, सातव्यात बाळं हवी तशी फिरतात. ३६ व्या आठवड्यात काय दिसतंय ते खरं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांना डॉक्टर फुकट तपासतात, तेव्हा हे सगळं एका फेरीत होईल.

राहिली डूला आणि तिची आगाऊ रक्कम. पैसे द्यायच्या आधी तिला फोन करून विचार, घरी टब नाही, चिपळूणला दवाखान्यात होणार आहे, तरी येशील का? आणि ज्या दवाखान्यात नाव घालशील त्यांनाही विचार, ती आत चालेल का. एकालाच परवानगी असेल तर नवरा की ती, हे तुम्ही तिघांनी बसून आधीच ठरवा. ती हो म्हणाली तर तिला बोलाव, कंबर चोळायला तिच्याइतकं शिकलेलं माणूस घरात दुसरं नाही. दवाखाना म्हटल्यावर तिचा रस संपला, तर रक्कम देऊ नकोस.

– सिस्टर